पोरीला शेवटी रडवा

३ फेब्रुवारी

आत्या,

फोन केला असता, पण तुझा डावा कान पस्तीस वर्षं स्पीकरशेजारी उभं राहून गेला आणि उजवा तू प्रेक्षकांसाठी राखून ठेवलायस. म्हणून पत्र. सोबत पेनड्राइव्ह आहे, त्यात माझा सिनेमा आहे. पहिलावहिला. संगीत अजून अर्धवट आहे आणि दोन ठिकाणी वरून माइक डोकावतो, तिकडे कानाडोळा कर.

गेल्या आठवड्यात निर्मातीबाईंनी साठ अनोळखी लोकांना बोलावून तो दाखवला आणि प्रत्येकाच्या हातात एक कार्ड दिलं. ‘नायिका तुम्हाला कशी वाटली?’ आणि खाली रेघा. ती कार्डं मी घरी आणून जमिनीवर पसरली. ‘उद्धट.’ ‘घरच्यांनी लाडावलेली.’ ‘अभिनय छान पण मुलगी वाईट.’ एकाने रेघा सोडून कडेला लिहिलंय, ‘हिला दोन द्या.’ काय दोन, ते लिहिलेलं नाही.

गोष्ट अशी आहे. सोळा वर्षांची मुलगी. अभ्यासात बेताची, दिसायला बेताची, तोंडाने फटकळ. आजी आजारी असते, आणि एका दुपारी ही तिच्याजवळ थांबायचं सोडून पोहायला जाते. परत येते तर आजी गेलेली, घर माणसांनी भरलेलं. ओल्या केसांनी दारात उभी राहून ती म्हणते, "मला भूक लागलीय." मग स्वयंपाकघरात जाऊन उभ्याने जेवते. तो शॉट मी चाळीस सेकंद ठेवलाय. ती रडत नाही, माफी मागत नाही. पुढे ती मोठी होते, म्हणजे वर्षभरात माणूस जेवढं होतं तेवढीच. शेवटी तलावाच्या सगळ्यात उंच फळीवरून उडी मारते, पोटावर आपटते, वर येऊन हसते. संपलं.

निर्मातीबाई म्हणतात, पोरीला शेवटी रडवा. आजीच्या फोटोपुढे फक्त एक मिनिट, लोक सगळं पोटात घालतील. ते नको असेल तर ती उडी स्पर्धेतली दाखवा आणि गळ्यात पदक घाला. म्हणजे मुलीला उद्धट राहायचं असेल तर पदक आणावं लागतं, आत्या. मुलगा नुसता मोठा झाला तरी चालतं. कॉलेजात चार वर्षं सिनेमा शिकले, पण हा नियम कुणी सांगितला नव्हता.

१५ मार्चपर्यंत त्यांना उत्तर द्यायचंय. तोवर खऱ्या प्रेक्षकांचं मत वेगळं निघालं तर त्या ऐकतील म्हणाल्यात. मला माहीत असलेले खरे प्रेक्षक एकाच ठिकाणी आहेत, तुझ्या थिएटरात. दाखवशील?

ते भुकेचं वाक्य कुठून आलं विचारू नकोस. असंच सुचलं.

तुझी,
भिंगरी


८ फेब्रुवारी

भिंगरी,

पेनड्राइव्ह पोचला. मी अजून बघितलेला नाही, ऑपरेटरकाका सुट्टीवर आहेत आणि त्यांच्या मशीनला मी हात लावला की ते आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीत. रविवारी सकाळी हॉल रिकामा असतो, तेव्हा लावू. मालकांना विचारलं. ते म्हणाले, दिवे आणि पंखे तेवढे बघून वापरा.

कार्डं हवी असतील तर ठेवते, पण माझा त्यावर विश्वास नाही. हातात पेन आलं की माणूस परीक्षेला बसतो. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. मॅनेजर झाले तरी शो सुटताना मी बाहेरच्या दारावरच उभी राहते. अंधारातून उजेडात आल्यावर माणूस जे पहिलं वाक्य बोलतो ना, तेच त्याचं मत. दुसऱ्या वाक्यापासून तो शहाणा होतो. ती पहिली वाक्यं मी वहीत उतरवते. सिनेमा किती आठवडे चालणार ते मला पहिल्या शोच्या वहीवरून कळतं. मालकसुद्धा आधी वही मागतात.

तुझ्या वेळी कार्डंही घेईन आणि वहीही. जेवत जा. आवाज पातळ झालाय तुझा, असं दादा म्हणत होता.

आत्या


१६ फेब्रुवारी

भिंगरी,

काल शो झाला. त्रेचाळीस माणसं आली. सगळी कार्डं सोबत पाठवतेय, बघ आणि खूश हो. एकही वाईट नाही. वहीतलं उतरवून पाठवत नाही, कार्डांत आलंच आहे सगळं.

मी बघितला सिनेमा. तलावाचं पाणी फार छान घेतलंयस.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

पहिली दहा कार्डं वाचून मी खोलीत नाचले. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक ना. अकराव्या कार्डावर थांबले.

‘बाईंच्या भाचीने घराण्याचं नाव काढलं.’

मग बारावं. ‘मुलगी गोड. आत्यावर गेली आहे.’ हे नायिकेबद्दल आहे की माझ्याबद्दल? एकविसावं तर कहर. ‘पुढील शिक्षणास शुभेच्छा.’

त्रेचाळीस माणसांचं एवढं एकमत फुकटच्या चहावरसुद्धा होत नाही. तू सांगितलंस ना त्यांना? आणि ज्या बाईचा कार्डांवर विश्वास नाही, ती वही लपवून कार्डं पाठवते. काय लिहिलंय वहीत?

आणि पाण्याचं कौतुक मला नकोय. पाणी तलाववाल्यांनी भरलं होतं. पोरगी कशी वाटली ते सांग.

भिंगरी


२५ फेब्रुवारी

भिंगरी,

सांगितलं. शो सुरू व्हायच्या आधी माइकवरून सांगितलं की हा माझ्या भाचीचा सिनेमा आहे, सांभाळून घ्या. पस्तीस वर्षांत कुठल्या सिनेमाची अशी वकिली केली नव्हती. माझ्या तोंडावर कोण वाईट बोलणार? दारातून बाहेर पडताना एकेक जण माझ्याकडे बघून मान डोलवत होता. वहीत लिहायला काही नव्हतंच.

म्हणून या रविवारी पुन्हा लावला. कुणाचा, कशाचा, काही बोलले नाही. फुकट सिनेमा एवढीच पाटी. एकाहत्तर माणसं. ही घे वही:

‘वळणच नाही.’ ‘आईने काय शिकवलं हिला?’ ‘हिचं पुढे कसं होणार?’ ‘आजी बिचारी.’ ‘शेवटी काही जिंकलीसुद्धा नाही.’ ‘रडायला काय जातंय?’ ‘पोरीच्या जातीने एवढं कोडगं असू नये.’ हे शेवटचं एका बाईचं, शाळेत शिकवतात त्या.

मग मी मागची पानं उलटली. दिवाणखान्यातल्या माणसांसारखी ओळखीची आहेत ही सगळी, काय बोलतात ते मला पाठ आहे. दोन महिन्यांपूर्वी आपल्याकडे एका मुलाचा सिनेमा लागला होता. वडील दवाखान्यात आणि हा मित्रांबरोबर दारू पिऊन शेजाऱ्याची मोटरसायकल नाल्यात घालतो. त्याच शिक्षिकाबाई, त्याच दारात: ‘वयच असतं तसलं, मनाने सोन्यासारखा आहे.’ तीन आठवडे हाउसफुल.

आता माझं विचारतेस तर ऐक. मला ती पोरगी आवडली नाही. घरात मयत झालेलं असताना कुणी असं बोलत नाही. ते वाक्य काढ. चाळीस सेकंदांचं जेवणही काढ. बाकी सिनेमा चांगला आहे, त्या एका जागेसाठी तो बुडवू नकोस. जगाशी भांडून डोकं आपलंच फुटतं. तुझ्या भल्याचं सांगतेय.

आत्या


२८ फेब्रुवारी

आत्या,

ठरलं. १० मार्चला रडण्याचा सीन घेतोय. निर्मातीबाई खूश आहेत, मला मिठी मारली.

एकाहत्तर जणांचं वाईट नाही वाटलं. बहात्तराव्याचं वाटलं.

आणि ते वाक्य असंच सुचलं म्हणाले ते खोटं होतं. ते तुझं आहे. बाबांकडून ऐकलेलं. आजी गेली त्या दिवशी तू सतरा वर्षांची होतीस, घरात शिरलीस आणि म्हणालीस, मला भूक लागलीय. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलंय आणि दर वेळी मला वाटायचं, आपल्या घरात एक तरी माणूस असा आहे की जो खरं बोलला. मी सिनेमा तुझ्यावर केला होता. तुला कळणार नाही असं समजले, हा मूर्खपणा. आणि कळलं तर आवडेल असं समजले, हा त्याहून मोठा.

काढते वाक्य. काळजी करू नकोस.

भिंगरी


४ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस ऑफिसातल्या खणात ठेवलं. आज शो सुरू आहे, खालून गाण्याचा धडधडाट येतोय, आणि मी लिहायला बसलेय.

तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं मला. पडद्यावर पोरगी ओल्या केसांनी जिना चढायला लागली तेव्हा ती काय बोलणार ते तिच्या आधी मला माहीत होतं. माइकवरून सांगितलं ते तुझ्यासाठी नव्हतं गं. तुझी गोष्ट तू आधीच पत्रात लिहिली होतीस, म्हणजे काय येणार ते मी ओळखून होते. माणसांनी तिला सांभाळून घ्यावं असं वाटलं. म्हणजे मला.

आणि दुसऱ्या रविवारी लोक तुझ्या पोरीबद्दल बोलत बाहेर येत होते आणि मी दारात उभी राहून माझ्याबद्दल ऐकत होते. एकाहत्तर वेळा. वहीत स्वतःच्या हाताने लिहीत होते. वर तुला लिहिलं, तुझ्या भल्याचं सांगतेय. भलं माझंच बघत होते.

घरचं तुला ठाऊक आहे. कुठलंही लग्न असो, बारसं असो, पंगत बसली की कुणीतरी म्हणणारच, "आधी हिला वाढा, हिला भूक लागली असेल." आणि सगळे हसणार. तूही हसायचीस, फ्रॉकमधली. तुझा राग नाही, तुला काय कळत होतं. पण मी येणं का कमी केलं, ते दादाने कधी विचारलं नाही. थिएटरचं काम असतं, एवढं म्हटलं की पुरायचं.

आता मुद्द्याचं. छत्तीस वर्षं मी मनात कारणं जुळवत आलेय. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आदल्या रात्री आईपाशी जागले होते. धक्क्याने माणूस काहीही बोलतो. ही कारणं कुणी विचारलंच तर द्यायची म्हणून घासूनपुसून ठेवली होती. खरं सांगू? त्या सकाळी मी चांगलं पोटभर खाऊन बाहेर पडले होते. जागले नव्हते. तरी भूक लागली. आई समोर होती, मला ती हवी होती आणि मला भूकही लागली होती. दोन्ही एकाच पोटात होतं. एकावरून दुसरं मोजायचं कुणी ठरवलं ते मला माहीत नाही.

रडले नंतर. कधी, कुठे, ते सांगणार नाही, तूही सिनेमात विचारू नकोस. माणसं बघणार म्हणून रडायचं असेल तर ते मी थिएटरात रोज बघते, त्याचं तिकीट असतं.

एक वाक्य मी तुला पाठवलं नव्हतं, मुद्दाम. एक नर्स होती, ड्यूटीच्या कपड्यांत आलेली, झोपेला आलेली. दारातून बाहेर आली आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "बरोबर आहे." मी पुढे होऊन विचारलं, काय बरोबर आहे. असं मी कधी कुणाला विचारत नाही. ती म्हणाली, "आमच्याकडे रोज माणसं रडतात आणि डोळे पुसून मला विचारतात, कँटीन कुठल्या मजल्यावर आहे. मी सांगते, दुसऱ्या. बाई, त्यांना काय माया नसते?"

ते वाक्य काढू नकोस. सीन घ्यायचा की नाही ते तू बघ, तुझी पुढची सगळी वाट त्या बाईंच्या हातात आहे, मला कळतं. पण माझं नाव सांगून काढू नकोस. माझं मत मी बदललंय. बहात्तरावं वाक्य खोडून टाक.

आत्या


१३ मार्च

आत्या,

तुझं पत्र ९ तारखेला मिळालं. दुसऱ्या दिवशी शूटिंग. मी पत्र पिशवीत घेऊन गेले आणि तरीही सीन घ्यायचा असंच ठरवून गेले होते, हे तुला सांगायला हवं. तुझं पत्र वाचून मी लगेच सिंहीण वगैरे झाले नाही. मला पुढचा सिनेमा करायचाय. घाबरले होते.

फोटो टेबलावर ठेवला. दिवे लावले. मेकअपवाल्या ताईंनी डोळ्यांत घालायचं औषध काढलं. आमची नायिका (ती खरोखर सोळाची आहे आणि खरोखर फटकळ आहे) खुर्चीवर बसली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "दीदी, खोलीत कोणीच नाहीये. मग मी रडून कुणाला दाखवतेय?"

कॅमेरामन हसला. मी नाही हसले. प्रेक्षकांना, असं म्हणायचं होतं. म्हणाले मात्र, पॅकअप. मेकअपवाल्या ताई म्हणाल्या, एवढं औषध काढलंय त्याचं काय, तर नायिका म्हणाली, द्या, घरी पाहुणे येणारेत.

आज निर्मातीबाईंकडे गेले. सगळं सांगितलं, तू वहीतून उतरवून पाठवलेली वाक्यं समोर ठेवली, त्या मुलाच्या सिनेमाची आणि आपल्या पोरीची, शेजारी शेजारी. त्यांनी चष्मा काढला, घातला, परत वाचलं. शिक्षिकाबाईंच्या दोन वाक्यांपाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "मीही त्या मुलाचा सिनेमा बघून हेच म्हणाले होते."

विरघळल्या नाहीत हं. म्हणाल्या, तुझं खरं असेल, पण रिकाम्या खुर्च्यांना खरं-खोटं कळत नाही. पंचवीस थिएटरांऐवजी सहा. दिवसाला एकच शो. पहिला आठवडा अर्ध्याच्या खाली गेला तर सिनेमा उतरेल, आणि पुढची गोष्ट घेऊन मी त्यांच्याकडे यायचं नाही. मी हो म्हणाले. सहात तुझं थिएटर आहे. तेवढं मी मागून घेतलं.

आत्या, पंगतीत हसायचे मी. आठवलं. आठ वर्षांची असेन, सगळ्यांत मोठ्याने. त्याबद्दल काय लिहायचं ते चार दिवस सुचत नाहीये, म्हणून सुचलेलं नाही एवढंच लिहिते.

बाबांना काही सांगितलेलं नाही. सिनेमा लागल्यावर बघतील.

वाक्य आहे. चाळीस सेकंदही आहेत. संकलन करताना हात शिवशिवला आणि मी ते बेचाळीस केले.

तुझी,
भिंगरी


२१ एप्रिल

भिंगरी,

तू फोनवर फोन करतेयस आणि मला अर्धंच ऐकू येतंय, म्हणून सविस्तर लिहिते. आकडे आधी, नाहीतर तू पत्र उलटं धरून शेवटून वाचशील. आपला हॉल चारशेचा. शुक्रवारी एकशे दहा. शनिवारी एकशे नव्वद. मी पोस्टरखाली उभं राहून नखं खाल्ली. रविवारी दोनशे सत्तर. काल, सोमवारी, कामाच्या दिवशी, दोनशे चौतीस. मालकांनी दुसरा आठवडा ठेवलाय. बाकीच्या पाच ठिकाणचं तुला कळलं असेलच. दोन ठिकाणी पडलाय म्हणे. पडू दे, चार उभी आहेत.

लोकांना ती आवडली असं समजू नकोस. वहीत पहिल्या दिवशी पुन्हा ‘वळण नाही’ आलं, चार वेळा. शिक्षिकाबाई आल्या होत्या, पुन्हा, आपल्या तिकिटाने. ‘मला पटलेलं नाही’ म्हणाल्या आणि बरोबर दोन मैत्रिणी आणल्या होत्या. त्यांनाही पटलेलं नाही. तिघी पुढच्या शुक्रवारी बहिणीला घेऊन येणार आहेत, तिलाही पटू नये म्हणून.

दादा आलेला नाही. येईल किंवा नाही येणार. मी त्याच्यासाठी खुर्ची अडवून ठेवलेली नाही.

कालचं सांगते. शो सुटला आणि माणसं बाहेर येऊन निघून जायच्याऐवजी लॉबीतच थांबली. असं कधी होत नाही, सिनेमा संपला की सगळ्यांना घरची घाई असते. दोन बायका भांडत होत्या. एक म्हणत होती, आजीचं मन कुणी बघितलं. दुसरी म्हणत होती, आजीला तरी ही रडकी आवडली असती का. कॉलेजच्या पोरी जिन्यावर बसून मध्येच टोमणे मारत होत्या. पॉपकॉर्नवाला हातातला डबा विसरून ऐकत होता. तीनच्या शोचे लोक बाहेर रांगेत आणि ही माणसं हलेनात. मी घंटा वाजवायला गेले आणि वाजवली नाही.

त्या गर्दीत एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. खाकी सदरा, किल्ल्या हातात, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आलेला. तो बराच वेळ ऐकत होता. मग मोठ्याने म्हणाला, "ही माझी मुलगी असती ना, तर..."

सगळे त्याच्याकडे वळले. भांडणाऱ्या बायकासुद्धा. मी वही उघडून पेन टेकवून उभी. मला वाटलं, आता येतंय ते तुझ्या कार्डावरचं ‘दोन द्या’.

तो किल्ल्या खुळखुळवत उभा राहिला. कपाळाला आठ्या घालून, जणू खरंच मुलगी समोर उभी आहे आणि तिचं काय करावं ते कळत नाहीये. शेवटी म्हणाला, "तर काय... माझीच असती."

आणि बसकडे गेला. बायका परत भांडायला लागल्या. तीनचा शो मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा दहा मिनिटं उशिरा लावला.

तुझी आत्या